रुग्णालयातलं जेवण: ताटात किती वाढलं आणि पोटात किती गेलं

प्रश्न असा आहे. तालुक्याच्या गावी ट्रस्टचं ६० खाटांचं रुग्णालय आहे. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती असे विभाग आहेत आणि टीबीचे रुग्णही बरेच असतात. स्वयंपाकघर स्वतःचं आहे आणि एक आहारतज्ज्ञ नुकत्याच रुजू झाल्या आहेत. विश्वस्तांना आता 'पोषण कार्यक्रम' सुरू करायचा आहे. सात दिवसांचा नवा मेन्यू, वॉर्डात लावायचे तक्ते आणि प्रोटीन पावडरच्या डब्यांची खरेदी एवढं ठरलं आहे. याने रुग्णांच्या तब्येतीत फरक पडेल का, की आणखी काही करायला हवं?

एवढ्यानेच फरक पडणार नाही. मेन्यू सुधारावा, पण खरी अडचण मेन्यूची नाही. आजारी माणसाच्या पोटात प्रत्यक्षात किती गेलं हे रुग्णालयात बहुतेक ठिकाणी कुणालाच माहीत नसतं, ही आहे. सलाईन किती गेलं, लघवी किती झाली हे केसपेपरवर असतं. दुपारच्या ताटातलं निम्मं जेवण परत गेलं, याची नोंद कुठेच नसते. म्हणून कार्यक्रम उभा करायचा तर त्याचा कणा तीन गोष्टींचा असावा: कुपोषित रुग्ण पहिल्याच दिवशी ओळखणं, त्याला किती लागतं हे आकड्यात ठरवणं आणि त्यातलं किती पोटात गेलं हे रोज मोजणं.

याला भक्कम आधार आहे. स्वित्झर्लंडमधल्या ८ रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या २,००० हून अधिक रुग्णांवर केलेला 'एफर्ट' हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीचं रुग्णालयीन जेवण मिळालं. उरलेल्यांसाठी आहारतज्ज्ञांनी प्रत्येकाचं कॅलरी आणि प्रथिनांचं लक्ष्य ठरवलं आणि ते गाठण्यासाठी रोज पाठपुरावा केला. तीस दिवसांत मृत्यू, आयसीयूत भरती, अचानक पुन्हा भरती, गंभीर गुंतागुंत किंवा रोजचे व्यवहार करण्याची क्षमता घटणं यांपैकी काही ओढवलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात २७ टक्के होतं, दुसऱ्यात २३. नुसते मृत्यू पाहिले तर १० टक्क्यांवरून ७ वर आले. त्यात कुठलीही महागडी वस्तू निर्णायक नव्हती. लक्ष्य ठरलं आणि पाठपुरावा झाला, फरक तिथे पडला.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. दोन दिवसांत घरी जाणाऱ्या बाळंतिणी जास्त असतील तर वजनवाढीची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तिथे उपाशी राहण्याचे तास कमी करणं आणि घरी नेण्याचा सल्ला हेच काम. टीबी आणि वृद्ध रुग्ण जास्त असतील तर पूर्ण चौकट लागू होते. आयसीयूचे नियम वेगळे, ते इथे घेत नाही. निम्मे रुग्ण घरचा डबा खात असतील तर अर्धा कार्यक्रम नातेवाइकांशी बोलण्याचा असेल.

आता पहिली पायरी, तपासणी. भरती झाल्यापासून २४ तासांत प्रत्येक प्रौढ रुग्णाचा 'मस्ट' गुणांक, म्हणजे कुपोषणाचा धोका मोजणारे गुण, काढा. हे काम आहारतज्ज्ञांचं नाही, भरती करून घेणाऱ्या सिस्टरचं आहे. आहारतज्ज्ञ रविवारी नसतात, रात्री नसतात. गुण असे: बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २० च्या वर असेल तर ०, १८.५ ते २० असेल तर १, १८.५ च्या खाली असेल तर २. गेल्या तीन ते सहा महिन्यांत नकळत घटलेलं वजन ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ०, ५ ते १० टक्के असेल तर १, त्याहून जास्त असेल तर २. तीव्र आजारामुळे पाच दिवसांहून अधिक काळ पोटात काही गेलं नसेल किंवा जाण्याची शक्यता नसेल तर आणखी २. बेरीज २ किंवा जास्त आली की आहारतज्ज्ञांनी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णाला पाहायचं. उदाहरणार्थ, ५२ किलोची बाई ४६ वर आली असेल तर घट साडेअकरा टक्के होते. बीएमआय २१ असला तरी ती धोक्याच्या गटात आहे. नुसतं अंगकाठीकडे पाहून हे कळत नाही, म्हणूनच आकडे हवेत.

पूर्वीचं वजन बहुतेकांना ठाऊक नसतं. तेव्हा दुसऱ्या वाटेने विचारावं: पट्टा किती भोकं आत गेला, ब्लाउज आत घ्यावा लागला का, बांगड्या आता वर सरकतात का. नातेवाईक हे नेमकं सांगतात. उभं राहता येत नसेल तर डाव्या दंडाच्या मध्यावर टेपने घेर मोजा; २३.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर बीएमआय २० च्या खाली असण्याची शक्यता मोठी. पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर वजनकाटा फसवतो. यकृताचा रुग्ण ६० किलो भरतो आणि त्यातले कित्येक किलो पाणी असतं. अशांच्या बाबतीत दंडाचा घेर आणि खाण्याचा इतिहास यांवरच विसंबावं. वजन सकाळी, लघवी झाल्यावर, हलक्या कपड्यांत आणि दरवेळी त्याच काट्यावर घ्यावं. दोन वॉर्डांतल्या दोन काट्यांत दीड किलोचा फरक असेल तर सगळी नोंद वाया जाते.

रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन पाहून कुपोषण ठरवण्याची सवय मात्र सोडायला हवी. संसर्ग, सूज, शस्त्रक्रिया या कशानेही ते खाली येतं. न्यूमोनियाच्या रुग्णाला चार दिवस उत्तम खाऊ घातलं तरी ते वर येणार नाही, आणि मग आहाराचा उपयोग नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

दुसरी पायरी, लक्ष्य. सर्वसाधारण आजारी प्रौढाला दर किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं धरावीत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला दिवसाला १,२५० ते १,५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. कॅलरी गाठणं तुलनेने सोपं असतं. खरा खड्डा प्रथिनांत आहे, आणि तो किती खोल आहे हे तुमच्या स्वयंपाकघरातच मोजून पाहा. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, वाटीभर भात, पातळ वरण, भाजी, दोन वेळा चहा, रात्री मऊ खिचडी. वरणात माणशी १५ ग्रॅम डाळ आणि खिचडीतही तेवढीच असेल, तर सगळं संपवलं तरी २८ ते ३० ग्रॅमच प्रथिनं होतात. रुग्ण निम्मं ताट परत पाठवतो. म्हणजे १५ ग्रॅम.

हे वाढवायला पावडरचे डबे लागत नाहीत. वरणाची डाळ माणशी ३० ग्रॅम करा, खिचडीतही ३० ग्रॅम मूगडाळ घाला; यातून ७ ग्रॅम वाढतात. दोन उकडलेली अंडी १२ ते १३ ग्रॅम देतात. दोनदा २०० मिली दूध दिलं तर आणखी १३ ग्रॅम. शेंगदाणा-गुळाचा एक लाडू, २० ग्रॅम दाणे असलेला, ५ ग्रॅम. एवढ्यात बेरीज ६५ च्या पुढे जाते. अंडं न खाणाऱ्यांना ५० ग्रॅम पनीर आणि २० ग्रॅम स्किम्ड दूध पावडर (दुधात, खिरीत किंवा ताकात कालवून) दिली तर सुमारे १६ ग्रॅम मिळतात. बाजारातली तयार पावडर दातांचा, घशाचा किंवा कॅन्सरचा रुग्ण काही चावू शकत नाही तेव्हा कामाची. सरसकट सगळ्यांना दिली तर पैसा तिथेच संपतो आणि डाळ पातळच राहते.

स्वयंपाकघरातल्या दोन बारीक गोष्टी इथे फार महत्त्वाच्या आहेत. एक, डाळ वजन करून घालायची आणि ऐनवेळी रुग्ण वाढले म्हणून वरणात पाणी ओतायचं नाही. त्यासाठी चार-पाच माणसांची शिजवलेली डाळ जास्तीची ठेवा. दोन, वाढताना दरवेळी तळापासून ढवळून, एकाच मापाच्या पळीने वाढायचं. डाळ खाली बसते. न ढवळता वाढलं तर पहिल्या खाटेला पिवळं पाणी मिळतं आणि शेवटच्या खाटेला घट्ट गोळा. गरम पदार्थ वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर राहिले पाहिजेत, नाहीतर जंतू वाढतात. शिवाय गार खिचडी कुणी खात नाही.

तिसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष खाणं. इथे सगळ्यात जास्त गळती होते, म्हणून याला वेळ द्या. जेवण परत का जातं याची कारणं बहुधा चवीची नसतात. ताट लांबच्या स्टुलावर ठेवलेलं असतं आणि रुग्णाला कूस बदलता येत नाही. उजव्या हातात सुई असते. कवळी घरी राहिलेली असते. तोंड आलेलं असतं, बद्धकोष्ठ असतो, मळमळीचं औषध जेवणानंतर दिलेलं असतं. किंवा नेमका साडेबाराला राउंड सुरू होतो, ड्रेसिंगची गाडी येते, रुग्णाला एक्स-रेला नेतात आणि परत येईपर्यंत ताट उचललेलं असतं. दुपारी साडेबारा ते सव्वा आणि रात्री साडेसात ते सव्वाआठ या वेळांत तातडीचं काम सोडून कुणी रुग्णाला हलवायचं नाही, असा नियम वैद्यकीय संचालकांच्या सहीने काढा. आहारतज्ज्ञांनी सांगून तो पाळला जात नाही, सही वरिष्ठांचीच हवी. ज्यांना भरवावं लागतं त्यांचं ताट वेगळ्या रंगाचं ठेवा; ब्रिटनमधल्या रुग्णालयांत यासाठी लाल ट्रे वापरतात. मावशींना लांबूनच कळतं की इथे थांबायचं आहे.

नोंद ताटं गोळा करणाऱ्या मावशींनी करायची. पूर्ण, पाऊण, अर्धं, पाव, काहीच नाही अशा पाच चित्रांचा एक कार्ड खाटेला लावा आणि त्यावर खूण करायला सांगा. लिहिण्या-वाचण्याची गरज पडत नाही आणि एका ताटाला काही सेकंदच लागतात. दोन दिवस निम्म्याहून कमी गेलं की आहारतज्ज्ञांना कळवायचं, तिसऱ्या दिवशीही तसंच असेल तर डॉक्टरांनी निर्णय घ्यायचा: पूरक आहार, औषधात बदल की नाकातून नळी. हा 'तिसरा दिवस' कागदावर ठरलेला नसेल तर रुग्ण दहा दिवस सलाईनवर राहतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटर बाटलीत ५० ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे २०० कॅलरीही नाहीत, आणि प्रथिनं शून्य. सलाईन चालू आहे म्हणजे पोषण चालू आहे हा नातेवाइकांचाच नव्हे, कधीकधी आपलाही गैरसमज असतो.

रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या नाश्त्यापर्यंत तेरा-चौदा तास जातात, याकडेही लक्ष द्या. नऊ वाजता एक कप दूध आणि लाडू दिला की हा उपास तुटतो. सिरॉसिसच्या (यकृत कडक होण्याच्या आजाराच्या) रुग्णांसाठी तर ती उपचाराचीच बाब आहे, कारण त्यांच्या यकृतात साखरेचा साठा फारसा नसतो आणि रात्रभरात शरीर स्नायू जाळायला लागतं.

शस्त्रक्रियेआधीचा उपासही असाच तपासून पाहा. 'रात्री बारानंतर काही नाही' हा आदेश सगळ्यांना सरसकट दिला जातो आणि दुपारी चारला नंबर लागणारा माणूस सोळा तास पाण्याविना राहतो. मान्य नियम असा आहे: हलकं जेवण सहा तास आधीपर्यंत, तळलेलं किंवा मांसाहारी आठ तास आधीपर्यंत, आणि पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं सरबत असे पारदर्शक द्रव दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा हलक्या जेवणात धरायचा. आतड्याला अडथळा असेल, जठर उशिरा रिकामं होत असेल किंवा तातडीची शस्त्रक्रिया असेल तर हे लागू नाही. अंतिम शब्द भूलतज्ज्ञांचा. त्यांच्याशी बसून यादीप्रमाणे वेळा ठरवा आणि आदल्या रात्री प्रत्येकाच्या कागदावर 'शेवटचं जेवण' आणि 'शेवटचं पाणी' अशा दोन वेळा लिहा. शस्त्रक्रियेनंतर 'गॅस सरेपर्यंत उपाशी' हेही बहुतेक रुग्णांत गरजेचं उरलेलं नाही. सिझेरियन झालेल्या बाईला तर काही तासांतच खायला देता येतं. मात्र प्रत्येक शस्त्रक्रियेबाबत सर्जनशी आधी बोलून घ्या.

इथपर्यंतचं थोडक्यात: २४ तासांत गुणांक, प्रथिनांचं लक्ष्य, मोजलेली डाळ, सुरक्षित जेवणवेळ, ताटाची नोंद, उपासाच्या ठरलेल्या वेळा. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही.

आता धोक्याचा भाग, आणि हा नीट वाचा. फार दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणं जिवावर बेतू शकतं. अन्न मिळताच इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं, रक्तातली त्यांची पातळी कोसळते आणि हृदय किंवा श्वास बंद पडू शकतो. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. बीएमआय १६ च्या खाली, वजनातली घट १५ टक्क्यांहून जास्त, दहा दिवसांहून अधिक जवळजवळ उपास, किंवा ही क्षारपातळी आधीच कमी, यांपैकी एकही असेल तर धोका मोठा. दारूचं व्यसन असेल तर जास्तच जपावं. अशांना दर किलोमागे १० कॅलरींपासून सुरुवात करून चार ते सात दिवसांत हळूहळू पूर्ण गरजेपर्यंत न्यायचं. ३५ किलोच्या रुग्णाला पहिल्या दिवशी ३५० कॅलरी पुरेत, भूक लागली तरी. खाणं आणि ग्लुकोजचं सलाईन सुरू करण्याआधीच थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यायचं आणि तिन्ही क्षार सुरुवातीला रोज तपासायचे. तुमच्या प्रयोगशाळेत फॉस्फेट होत नसेल तर कार्यक्रम सुरू करण्याआधी त्याची सोय करा.

तीव्र कुपोषित बालकांच्या बाबतीत हाच धोका असतो, म्हणून त्यांना प्रौढांच्या वॉर्डातला आहार चालत नाही. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, आणि जोडीला भूक नसेल किंवा आजार असेल, तर मूल पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवा. तिथे सुरुवात एफ-७५ या दुधापासून केलेल्या उपचारी आहाराने होते, ज्यात १०० मिलीला ७५ कॅलरी आणि जेमतेम ०.९ ग्रॅम प्रथिनं असतात. मूल सावरल्यावर त्याहून पौष्टिक एफ-१०० देतात.

नळीच्या आहाराबद्दल. तांदळाची पातळ पेज किंवा वरणाचं पाणी नळीतून देऊन पोषण होत नाही, कारण नळीतून जाईल एवढं पातळ केलं की त्यात उरतंच काय. चार-सहा दिवसांसाठी स्वयंपाकघरात करता येईल असं एक प्रमाण: २०० मिली गाईचं दूध, १० ग्रॅम स्किम्ड दूध पावडर, १० ग्रॅम साखर, ५ मिली तेल, आणि उकळून गार केलेलं पाणी घालून एकूण २५० मिली. यात सुमारे २६० कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं असतात. दिवसातून सहा वेळा दिलं तर ५० किलोच्या माणसाची गरज जवळपास भागते. पहिल्या वेळी ५० ते १०० मिलीच द्या. दूध न पचणाऱ्याला किंवा अनियंत्रित मधुमेह असलेल्याला हे प्रमाण बदलावं लागतं. जास्त दिवस लागणार असतील तर जीवनसत्त्वांसह तयार आहार बरा. डोकं ३० ते ४५ अंश वर, देऊन झाल्यावर ३० मिली पाणी, आणि खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवलेलं फेकून द्यायचं. जुलाब झाले की नळीच्या आहाराला दोष दिला जातो; बहुतेकदा दोष अँटिबायोटिकचा किंवा अस्वच्छ मिक्सरच्या भांड्याचा असतो.

पथ्यांच्या बाबतीत डॉक्टरांशी स्पष्ट बोलायची गरज आहे. मधुमेह, रक्तदाब आणि किडनी तिन्ही असलेल्या आजोबांच्या केसपेपरवर 'बिनसाखर, बिनमीठ, कमी प्रथिनं, सॉफ्ट' असं लिहिलं जातं आणि ताटात उकडलेला दुधी आणि भात उरतो. अशा वेळी या आठवड्यात सर्वांत महत्त्वाचं पथ्य कोणतं ते ठरवून बाकीची सैल करावीत. डायलिसिसवर असलेल्याला कमी प्रथिनांचा आहार चुकीचा. त्याला दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, कारण डायलिसिसमध्ये प्रथिनांची झीज होते. यकृताच्या आजारात गुंगी आली म्हणून डाळ-दूध तोडणंही आता योग्य मानत नाहीत, गरज १.२ ते १.५ ग्रॅमच राहते. कावीळ झाली की घरची माणसं तेल-तूप बंद करून उसाच्या रसावर ठेवतात. त्यांना रागवू नका. साधा वरणभात, दही, अंडं चालतं, एवढं लिहून द्या.

टीबीच्या रुग्णांसाठी वेगळी फाईल ठेवा, कारण तुमच्या भागात सर्वांत मोठा फायदा इथेच होईल. झारखंडमध्ये झालेल्या 'रेशन्स' अभ्यासात रुग्णांना औषधांसोबत महिन्याला १० किलो शिधा दिला गेला: रोजच्या १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं, तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी आढळला. घरातल्या इतरांनाही शिधा मिळाला, त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्के कमी झालं. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून डिस्चार्ज कार्डावर वजन, दोन महिन्यांनी गाठायचं वजन आणि पुढच्या भेटीची तारीख मराठीत लिहा. ४० किलोचा रुग्ण असेल तर ४२ लिहा. टीबीच्या रुग्णांना आहारासाठी सरकारकडून मिळणारी निक्षय पोषण योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये झाली आहे. बँक खातं जोडलंय का, हे रुग्ण खाटेवर असतानाच तपासा, नंतर तो सापडत नाही. रेशनकार्ड चालू आहे का तेही पाहा. पण रेशनवर मुख्यतः धान्य मिळतं, डाळ-तेलाचा खड्डा तसाच राहतो. ट्रस्टकडे देणगीदार असतील तर तक्त्यांच्या छपाईऐवजी तूरडाळ, शेंगदाणे, तेल आणि दूध पावडरची पिशवी हा त्या पैशाचा सर्वांत चांगला उपयोग आहे.

सुरुवात सगळीकडे एकदम करू नका. पहिला महिना फक्त मेडिसिन वॉर्ड घ्या. एक चांगला काटा, उंचीची पट्टी, टेप, छापील गुणांक-पत्रक आणि ताटाचे कार्ड एवढं सामान पुरतं. आहारतज्ज्ञांची नोंद वेगळ्या वहीत नको, केसपेपरवर डॉक्टरांच्या नोंदीखालीच हवी, आणि राउंडला त्या हजर असल्या पाहिजेत. नाहीतर त्यांचा सल्ला कुणी वाचणार नाही. विश्वस्तांपुढे दर महिन्याला तीनच आकडे ठेवा: किती टक्के रुग्णांचा गुणांक २४ तासांत झाला, धोक्याच्या गटातल्या किती जणांनी निम्म्याहून अधिक जेवण घेतलं, आणि महिन्याभराने ओपीडीत किती जणांचं वजन टिकलं किंवा वाढलं. पहिल्या महिन्यात दुसरा आकडा वाईटच येईल, कारण तोपर्यंत तो कुणी मोजलेलाच नसतो. त्यावरून स्वयंपाक्याला जबाबदार धरू नका; ताटं कुठल्या खाटांवरून, कुठल्या वेळी परत येतात ते पाहा आणि दुसऱ्या महिन्यात सर्जरी वॉर्ड घेण्याआधी तेवढं दुरुस्त करा.